गोळी आणि गोळीसाठीची फेरी

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, चौसाळा. हजर: माझे सासरे आबा, माझे यजमान, मी आणि पुण्याहून आलेले माझे धाकटे दीर. विषय एकच, आबांना बीडला आमच्याकडे कायमचं आणणे. चहा होईपर्यंत विषय संपेल असा माझा अंदाज होता. पण सरळ गोष्टीचा गुंता करण्यात भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो.

ते संख्याशास्त्रज्ञ आहेत. एखाद्या उपचाराने माणसं जास्त जगली, तर त्यात थेट उपचाराचा वाटा किती आणि उपचारामुळे मध्ये जे काही घडलं त्याचा किती, हे वेगळं काढणं त्यांचं काम. हे काम ते जेवायलाही सोबत आणतात. एकदा मी पिठलं केलं, तर म्हणाले, "वहिनी, आज भाकरी जास्त गेली. पिठल्यामुळे, की पिठल्याने ठेचा मागायला लावला म्हणून?" मग एक भाकरी ठेच्याशिवाय खाल्ली, एक ठेच्यासकट, आणि पोटाला तडस लागल्यावर म्हणाले, आता भुकेचाही विचार करावा लागेल. यांच्या अभ्यासात शिरूर कासारची माणसं आहेत; ती ऊसतोडीला गेली की त्यांच्या नोंदी अर्धवट राहतात. मग ऐन दिवाळीत चकली हातात धरून, "शेवटचे दिसले तेव्हा ठणठणीत होते," असं पुटपुटत बसतात. फराळाला आलेले पाहुणे घाबरतात.

तर आबांचं असं. मागे त्यांना हृदयाचा त्रास झाला, गोळी सुरू झाली आणि ते सुधारले. पण महिन्याच्या गोळ्या ते एकदम घेत नाहीत. रोज हायवेवरच्या मेडिकलपर्यंत चालत जातात, एका दिवसापुरती घेतात, पायरीवर बसून दोस्तांशी मनसोक्त भांडतात आणि परत येतात. मी म्हटलं, बीडला गोळी घरपोच येईल.

"थांबा वहिनी," भाऊजी म्हणाले. "आबांना गोळी जगवतेय, की गोळीसाठीची फेरी?"

"दोन्ही," यजमान म्हणाले.

"ते मलाही कळतं, दादा. पण कशाचं किती?"

आबा वैतागले. "कामून रं डोकं खातो? म्या गोळी खातो, बरा ऱ्हातो. मधी कोन आलं?"

"पण आबा, बरं वाटतं म्हणून चालता, की चालता म्हणून बरं वाटतं?"

"घरात तू हायस म्हणून चालतो."

मी विचारलं, तुमच्या अभ्यासात इतकी माणसं असतात, त्यांचं काय उत्तर निघतं? तर म्हणाले, सरासरी निघते, तीही चाचपडत. कारण फेरी सुरू होण्याआधीच जो गेला, तो किती चालला असता हे विचारायचं कोणाला? माझं डोकं गरगरलं. मी आपला व्यवहारी उपाय सुचवला: महिनाभर आबांना बीडला ठेवू, फेरी बंद करू आणि बघू काय होतं ते.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, आबा एकच आहेत."

मेडिकलची वेळ झाली म्हणून आबा उठले, आणि हा एवढा शिकलेला माणूस बापाच्या चालीने, त्यांच्या शेजारून चालत गेला.

आता ते पुण्याहून आबांना रोज फोन करतात. गोळीचं विचारत नाहीत. "आबा, जाऊन आलात का?" एवढंच विचारतात. बीडची खोली मी आवरून ठेवली आहे, पलंगही खिडकीकडे सरकवला आहे. आबांना आणायचं की नाही, ते अजून ठरायचं आहे.