सोफ्यातला साठा

सोफे शिवणाऱ्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेल्या दुखण्याच्या गोळ्या पाठ बरी झाली तरी सुटल्या नव्हत्या. पण कोपऱ्यावरचा औषधवाला चिठ्ठीशिवायही नेमाने देत होता, तोवर उस्ताद सकाळी एक, संध्याकाळी एक घेऊन निमूट काम करत. ‘व्यसनी दुसरे, आपण शिस्तीचे,’ अशी स्वतःचीच पाठ थोपटत.

मग औषधांच्या दुकानांची तपासणी कडक झाली. औषधवाला कधी ‘नाही’ म्हणे, कधी ‘उद्या बघू’, तर कधी न मागता अख्खं पाकीट हातावर ठेवी. शिस्तीचे तीनतेरा वाजले. दोऱ्याचं रीळ आणायच्या निमित्तानं उस्तादांच्या दिवसभर खेपा सुरू झाल्या. रिळं इतकी साठली की अख्ख्या गावाचे सोफे शिवून झाले असते. गोळ्या मिळाल्या की उद्याचा भरवसा नाही म्हणून आजच दुप्पट घेत. उरलेल्या गोळ्या गिऱ्हाइकाच्या सोफ्यात शिवून टाकत. बायको घरभर शोधायची, सोफ्याला मात्र हात लावायची नाही. आपल्या या अकलेवर उस्ताद बेहद्द खूश होते.

एका दुपारी खेपेवरून रिकाम्या हातानं परतले, तर गोळ्या शिवलेला सोफा गायब.

“अहो, बाईंची गाडी आली होती. दिला पाठवून,” बायको म्हणाली.

उस्ताद धावतच निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या घरी पोचले. “स्प्रिंग तपासायचीय!” म्हणत गुडघ्यांवर बसले आणि टाके उसवू लागले. पण टाका त्यांचाच. काही केल्या उसवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या कसबाचा संताप आला. अखेर कुशन टरकावलं, पाकीट काढलं आणि बाईंच्या देखतच दोन गोळ्या कोरड्याच गिळल्या.

बाईंनी पाणी आणून दिलं. “हे काय?”

“पाठ दुखते हो.”

“पाठ दुखणारा माणूस इतका वेळ ओणवा बसत नाही.”

उस्तादांना खुदकन हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. बाई ओरडल्या नाहीत. “माझा धाकटा भाऊ यातच गेला,” एवढंच म्हणाल्या, आणि उस्तादांच्या बायकोला फोन लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या सुटाव्यात म्हणून दुसरं औषध सुरू केलं. रोज सकाळी खिडकीशी नर्सच्या समोर ठरलेली मात्रा घ्यायची. सुरुवातीला खिडकी उघडण्याआधीच उस्ताद काचेला नाक लावून उभे.

“काका, औषध पळून जात नाहीये,” नर्स म्हणायची.

खरंच जात नव्हतं. रोज मिळायचं, तेवढंच मिळायचं. हळूहळू मनाला ते पटलं. एकदा मखमल कापता कापता त्यांच्या लक्षात आलं, सकाळपासून गोळीची आठवणच झाली नव्हती.

पुढे एकदा औषधाची गाडी अडकली आणि खिडकी दुपारपर्यंत बंद राहिली. उस्तादांचे पाय औषधवाल्याच्या दुकानाकडे वळत होते. पण ते घरी आले.

“आज मला एकटं सोडू नकोस,” ते बायकोला म्हणाले.

ती स्टूल ओढून त्यांच्या मशीनशेजारी बसली आणि वाटाणे सोलू लागली.