छतातून उतरणारी हवा

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी एका औषध कारखान्याच्या स्वच्छ खोलीत होते. तिथे आत जाताना फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. चपला, बांगड्या, घड्याळ, सगळंच बाहेर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा आणि डोळे तेवढे उघडे ठेवून आत जायचं. छताला आमच्याकडे बनलेली, हवा गाळून खाली सोडणारी यंत्रं बसवली होती आणि ती नीट चालतात की नाही हे मी बघत होते. त्या खोल्यांमध्ये एक वेगळीच शांतता असते... पंख्यांचा एकसुरी, हलका आवाज, आणि वरून सावकाश उतरणारी हवा, जी अंगावर येते पण वारा म्हणून जाणवत नाही. काम संपल्यावरही मी जरा रेंगाळले. बाहेर येऊन कपाट उघडलं तर प्रशांतचे बरेच फोन येऊन गेलेले. लगेच लावला. "रंजूताई, ताई गेली," तो म्हणाला. "सकाळीच. झोपेतच गेली." पाठीमागे बायकांचे आवाज येत होते. म्हणजे मी आत त्या हवेखाली उगाच उभी होते तेव्हा सुजाताताई या जगात नव्हत्या, आणि माझ्यापुरत्या मात्र होत्या. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी ती मधली वेळ मनातून जात नाही.

सुजाताताई पेटंट कार्यालयात परीक्षक होत्या. एखादा माणूस म्हणतो, हे यंत्र मी शोधलं, माझ्याआधी कुणी केलेलं नाही. मग ते खरं आहे का हे कुणीतरी बघावं लागतं. जगभरातले जुने अर्ज, जुनी चित्रं, विस्मरणात गेलेले शोध उपसून ताडून बघावं लागतं. ते काम सुजाताताईंचं. वडील श्रीवर्धनजवळच्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षक. घरात आजोबांपासून बुद्धवंदना, आणि सुपारीची लहानशी वाडी. दोन भावंडं, त्यातल्या या थोरल्या, प्रशांत धाकटा. इंजिनिअर झाल्या, मुंबईत सरकारी नोकरीला लागल्या, लग्न केलं नाही, आणि आयुष्याची उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या शोधांत नवीन काय आहे हे शोधण्यात घालवली.

माझं घर मिठागरवाल्यांचं. भाऊ सगळे ट्रकच्या धंद्यात गेले, मी मात्र यंत्रांच्या नादाला लागले आणि लग्नानंतर किहीमला येऊन अलिबागच्या रस्त्यावर लहानसा कारखाना काढला. स्वच्छ खोलीच्या छतात बसणारी पेटी आम्ही बनवत होतो. आत पंखा, त्याखाली बारीक घड्यांच्या कागदाची जाळी. वरची हवा ओढून, धूळ अडवून, खाली निर्मळ हवा सोडायची. माझ्या पेटीत हवा सगळीकडे सारखी पसरावी म्हणून मी भोकं पाडलेला एक पत्रा बसवला होता. त्या पत्र्यापायी मी झोप विसरले होते. भोकं कुठे दाट, कुठे विरळ, किती लहान... तो माझ्या मते माझा शोध होता आणि त्यावर मी पेटंटचा अर्ज केला होता.

परीक्षण अहवाल आला. पत्र्यात नवीन काही नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सोबत एका जुन्या परदेशी अर्जाचा हवाला. मी तो काढून बघितला तर खरंच, माझाच पत्रा, माझ्या कितीतरी आधी कुणीतरी रेखाटलेला. भोकांची ठेवणसुद्धा तीच. आमचे वकील म्हणाले, "मॅडम, हे अवघड आहे. सुनावणीला जाऊ, पण आशा धरू नका." मला त्या न पाहिलेल्या परीक्षकबाईंचा असा राग आला की काय सांगू! कुठे तरी टेबलाशी बसलेली बाई, तिने कधी पत्र्याला हात तरी लावला असेल का, असं मी घरभर बडबडत फिरले.

सुनावणीला एक वरिष्ठ अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी सुजाताताई. बारीक अंगकाठी, फिकट निळी कॉटनची साडी, चष्मा नाकावर घसरलेला. वकिलांनी पत्र्याची बाजू मांडली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली, ती नकारार्थी. मग त्यांच्या परवानगीने सुजाताताईंनी आकृतीवर बोट ठेवलं.

"ही कडेची पन्हळ कशासाठी आहे?"

पेटीच्या कडेने मी एक बारीक पन्हळ फिरवली होती. जाळी आणि चौकट यांच्या फटीतून चुकून धूळ निसटली, तर ती खाली खोलीत पडू नये, पन्हळीत यावी आणि तिथल्या छिद्रांतून पंख्याने परत वर ओढून घ्यावी, इतकंच. अर्जात त्यावर दोन ओळी होत्या. तसं मी सांगितलं.

"ही कल्पना कुठून आली?"

"कुठून म्हणजे... आमच्याकडे किहीमला शेजारी वळचणीला सुपारीचं खोड चिरून पन्हळ लावतात, पावसाचं पाणी विहिरीपाशी न्यायला. त्यावरून सुचलं. त्यात विशेष काही नाही."

त्या किंचित हसल्या. आमच्या ओळखीतलं ते पहिलं हसू. "विशेष काही नाही, हे ठरवायचं काम आमचं आहे," त्या म्हणाल्या. "मी बरंच शोधलं. पत्रा सापडला. ही पन्हळ मला कुठे सापडली नाही. वर्णनात आहे, मग तुमच्या दाव्यात का नाही?"

वकिलांनी कागद पुढे ओढले आणि दाव्यात पत्र्याऐवजी पन्हळ घालायची परवानगी मागितली. ज्या पत्र्यासाठी मी भांडायला आले होते तो तिथेच सुटला, आणि ज्या पन्हळीकडे मी स्वतः दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं तिच्यावर मला पेटंट मिळालं. घरी परतताना मांडव्याच्या बोटीत मी कठड्याशी उभी होते. पाणी संथ होतं, किनारा धुरकट दिसत होता, आणि आपल्याच घरात बंद राहिलेली एखादी खोली दुसऱ्याने उघडून दाखवावी तसं मला वाटत होतं. मी पेढ्यांचा बॉक्स पाठवला. तो जसाच्या तसा परत आला. "घेता येत नाही. अभिनंदन," असा फक्त निरोप.

मग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. सुजाताताईंच्या घरावरची कौलं उडाली आणि वडिलांच्या हातची सुपारी बहुतेक सगळी मोडली. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि गावी परतल्या. हे मला पुढे कळलं, कारण एक दिवस त्या अचानक आमच्या कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरल्या होत्या आणि गावी जाता जाता वाट वाकडी करून आल्या होत्या.

"आता मी कुणाचीच परीक्षक नाही," त्या म्हणाल्या. "चहा चालेल, पेढेही चालतील. पण आधी ती पन्हळ दाखवा."

तेव्हा मला कळलं की त्यांनी हे यंत्र कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. अशी कितीतरी यंत्रं त्यांनी कागदावर वाचली, मनात जोडली, चालवून पाहिली. मी त्यांना चाचणीच्या खोलीत नेलं, पंखा लावला आणि वरून थोडा धूर सोडला. हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून आम्ही असं करतो. धूर पांढऱ्या पडद्यासारखा सरळ खाली आला, कुठे गोंधळला नाही, पायांपाशी पसरला आणि विरला. सुजाताताई त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढून हातात घेतला, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "दुपारी वाडीत बसलं की असंच वाटायचं गं. पान हलत नाही, पण वरून हवा उतरत असते..." तुमच्यावरून त्या तुझ्यावर कधी आल्या हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर आमचं येणं-जाणं सुरू झालं. मी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जायचे आणि तिथून पुढे त्यांच्या गावी. त्या मोडलेल्या वाडीत सुपारीची रोपं लावत होत्या. प्रशांतचं मत होतं, आता नारळ लावू नाहीतर पर्यटकांसाठी खोल्या बांधू. "ताई, सुपारीला फळ धरेपर्यंत आपण म्हातारे होऊ," तो म्हणायचा. "हो ना," त्या म्हणायच्या आणि पुढचा खड्डा दाखवायच्या. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या मला त्यांनी तपासलेल्या यंत्रांच्या गोष्टी सांगायच्या. कुणाची जात्याची नवी बैठक, कुणाचं जाळं ओढायचं चाक. माणसांची नावं कधी सांगायच्या नाहीत. अंधारत जायचं, समुद्राचा आवाज झाडांमधून यायचा, आणि त्या यंत्रांची चाकं माझ्या डोळ्यांपुढे संथपणे फिरत राहायची. "नाकारताना वाईट नाही वाटायचं?" मी एकदा विचारलं. "वाटायचं," त्या म्हणाल्या. "माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्यापुरतं ते नवंच असतं."

मग त्यांना थकवा येऊ लागला, ताप यायला लागला. रक्ताचा कर्करोग निघाला. प्रशांतच्या हाडांतली मज्जा घेऊन ती त्यांना द्यायचं ठरलं. अशा रुग्णांना कित्येक दिवस निर्जंतुक खोलीत एकटं ठेवतात. अंगातली प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्यावर आणलेली असते, आणि हवेतून आलेला बुरशीचा एखादा कणसुद्धा जीव घेऊ शकतो. मी भेटायला गेले तेव्हा मध्ये जाड काच होती, बोलायला भिंतीवरचा फोन. डोक्यावर केस नव्हते, चेहरा अगदी लहान मुलीसारखा दिसत होता. त्यांनी रिसिव्हर उचलला आणि दुसऱ्या हाताने वर, छतातल्या पंख्याकडे बोट दाखवलं.

"तुझा आहे का?"

मी छताकडे बघितलं. "नाही ताई. आमचा नाही."

"मग पन्हळ नसणार," त्या म्हणाल्या. थोडा वेळ दम खाल्ला. "रंजू, त्या डाव्या कोपऱ्यात चौकटीच्या कडेला काळसर रेघ आहे. मी रोज उताणी पडून बघते. आले तेव्हा ती एवढी नव्हती."

मी काचेला नाक लावलं. तेवढ्या लांबून मला काहीच दिसेना. पण ती रेघ असेल तर तिचा अर्थ मला माहीत होता. जाळीला वळसा घालून, कडेच्या फटीतून न गाळलेली हवा आत येत होती. मी रुग्णालयाच्या देखभाल इंजिनिअरला गाठलं. तो तरुण माणूस आधी वैतागला. "मॅडम, सगळ्या तपासण्या झाल्यात. पेशंट पडून पडून काहीही बघतात."

"ही पेशंट बघते तेव्हा काहीही बघत नाही," मी म्हटलं. "तिने माझं यंत्र नापास केलंय. तुम्ही फक्त एकदा धूर सोडून बघा."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो तयार झाला. सुजाताताईंना शेजारच्या खोलीत हलवलं आणि त्याने त्या कोपऱ्यापाशी धुराची कांडी धरली. धूर खाली यायचा तो आडवा ढकलला गेला. तो शिडीवरून उतरला तेव्हा घामाघूम झाला होता. त्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या त्यांनी एकेक करून तपासल्या. आणखी एका खोलीत तसंच निघालं, आणि तिथे तेव्हा एक कॉलेजातली मुलगी होती. दोन्ही ठिकाणच्या चौकटी बदलल्या. तो इंजिनिअर नंतर काचेपाशी आला, फोन उचलला आणि आभार मानू लागला. सुजाताताई म्हणाल्या, "अहो, मला तरी दुसरं काय काम होतं इथे?" माझं यंत्र तिथे बसवा असं मी सुचवलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

त्या बऱ्या होऊन घरी आल्या. कॉलेजातली मुलगीही बरी झाली, परीक्षेला बसली. जवळजवळ एक वर्ष सुजाताताई वाडीत फिरल्या, तोंडाला फडकं बांधून रोपांना पाणी घातलं, प्रशांतला ओरडल्या. मग आजार उलटला. पुन्हा त्या खोलीत जायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. त्या नको म्हणाल्या. "आता उघड्यावर राहते," म्हणाल्या. प्रशांत रडला, भांडला, मग गप्प झाला. शेवटचे महिने त्या घरीच होत्या.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. प्रशांतची बायको सुरेखा मला आतल्या खोलीत घेऊन गेली. वादळानंतर नवं छप्पर घातलं तेव्हा सुजाताताईंनी हट्टाने या खोलीत एक काचेचं कौल बसवून घेतलं होतं. दुपार होती. कौलातून उन्हाचा तिरपा पट्टा जमिनीवर अंथरलेल्या चटईपर्यंत आला होता, आणि त्यात धूळ तरंगत होती.

"ताई इथंच आडव्या पडायच्या," सुरेखा म्हणाली. "ही धूळ बघत बसायच्या तासन्‌तास. मी केर काढायला आले की म्हणायच्या, थांब गो जरा, ऊन सरकू दे, मग काढ. डॉक्टर धूळ नको सांगतात, आणि ह्या बघत बसतात. मी लय ओरडायची त्यांना."

ती केरसुणी आणायला बाहेर गेली. मी चटईवर आडवी झाले. आधी उन्हाने डोळे दिपले, मग सवय झाली. कण सोन्यासारखे दिसत होते. काही खाली येत होते, काही वर चढत होते, काही जागच्या जागी थांबून विचार करत असल्यासारखे... बाहेर झाडांमधून हवा येत होती आणि तिच्याबरोबर सगळा पट्टा हळूच हलत होता. सुरेखा केरसुणी घेऊन दारात आली. मला तसं पडलेलं बघून थांबली, पदर सावरला, आणि केर न काढताच परत गेली.