पळालेला शिपाई

आमच्या गावच्या नाट्यमंडळाने परवा एक जुनं ऐतिहासिक नाटक केलं. पडदा उघडण्याआधी शेजारच्या इंदूकाकूंचा वीरमाता म्हणून सत्कार झाला. त्यांचा एकुलता एक सुधीर सीमेवर लढताना गेला. सत्कार घेऊन काकू पहिल्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

दुसऱ्या अंकात गडाला वेढा पडला. म्हातारा सरदार तलवार उपसून गरजला, "प्राण गेला तरी अब्रू जाऊ देणार नाही!" टाळ्या थांबेनात. तेवढ्यात एक कोवळा शिपाई ढाल टाकून पळत सुटला. "भित्रा!" मागून कुणीतरी ओरडलं, शिट्ट्या वाजल्या, मलाही हसू आलं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पळू दे गं त्याला," त्या पुटपुटल्या. "घरी आई वाट बघत असेल."

त्यानंतर माझं नाटकात लक्ष लागेना. सरदार पडला, सगळं सभागृह उठून उभं राहिलं. अब्रू, मान, कीर्ती... रंगमंचावरून हे शब्द किती भरदार वाटतात! पण ज्या घरात ते कायमचे राहायला येतात, तिथे संध्याकाळी एकच ताट वाढलं जातं. टाळ्या वाजवताना ते कुणाला दिसतं?

परतताना काकू माझ्याबरोबर चालत निघाल्या. सुधीरचं नाव दिलेल्या चौकात आलो, तशा त्या थांबल्या.

"तो पळालेला शिपाई घरी पोचला का गं?" त्यांनी विचारलं. "पुढे काही दाखवलंच नाही."