बद्द आवाज

कारखान्यात त्यांना सगळे मेणबाई म्हणत. बाहेर माळावर तीन किलोमीटर लांब रूळ होता. त्यावरून विजेच्या जोराने यान वर भिरकावलं जाई आणि उंच गेल्यावर त्याचं स्वतःचं इंजिन पेट घेई. त्या इंजिनात इंधन म्हणून मेणाचा मोठा ठोकळा असे; त्यावर द्रवरूप प्राणवायू सोडला की तो जळू लागे. तो ठोकळा ओतायचं काम एकोणीस वर्षं बाईंकडे होतं.

आत बुडबुडा राहिला तर इंजिन फुटायची भीती. तपासायला यंत्र होतं, पण बाई लाकडी हातोडीने ठोकून, कान देऊन ऐकत आणि मगच मान हलवत. यंत्राच्या नजरेतून सुटलेले दोन बुडबुडे त्यांनी पकडले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्या दिवशी ठोकळा वाजवला आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. "बद्द वाजतोय. हा नाही चालायचा."

"बाई, यंत्र तर सगळं ठीक दाखवतंय," इंजिनिअर म्हणाला. "उड्डाण आठ दिवसांवर आलंय."

"मग कापून बघा."

कापला. मेण आतून लोण्यासारखं एकसंध निघालं. इंजिनिअरने स्वतः चहा आणून दिला. बाईंनी तो तसाच ठेवला आणि कान तपासून घ्यायला गेल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. "डावा कान बराच गेलाय. दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरात कोण आहे लक्षात यायला?"

यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा परगावी. संध्याकाळी लावलेली कडी बाई सकाळीच काढत. मधे त्यांना हाक मारणारं कोणीच नव्हतं.

हातोडी त्यांनी आपणहून कपाटात ठेवली. ओतकाम मात्र सोडलं नाही. नवा ठोकळा यंत्राने पास केला.

उड्डाण झालं पंधरा दिवस उशिरा. यान रुळावरून सुटलं, बघता बघता ठिपका झालं, आणि ठिपक्याला पांढरं शेपूट फुटलं. मेण पेटलं होतं! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बाईंनी मुलाला फोन लावला.

"आई, कामात आहे गं. नंतर करतो."

दिवेलागणीपर्यंत फोन आला नाही. तेव्हा बाई उठल्या आणि शेजारचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत त्या शेजारणीशी नुसती मान हलवण्यापुरती ओळख.

"आज ते यान गेलं ना, त्यातलं मेण मी ओतलंय," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"मेण? मेणबत्त्या करता होय तुम्ही?"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं.

शेजारणीने खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलले आणि त्यांना बसायला जागा केली.