नाव घेतलं की ‘आहे’ म्हणायचं

मेलेल्यांची नावं गोळा करायला बसलं की जिवंतांचे किस्से साचतात. आमच्या मंडळींचे तर ढीग झालेत. मी शाळेत फार टिकलो नाही, सुचेल तसं लिहितो. नाही आवडलं तर मिटवून ठेवा!

तंजावरहून मद्रासेत आलेली आमची मराठी घरं. रविवारी दुपारी त्रिपलिकेनला कावेरीअक्काकडे जिन्याखाली चपला काढून ओट्यावर जमायचो. अक्का डोळ्यांनी अधू, पण सगळ्या घरांच्या पिढ्या तोंडपाठ. ती नाव घ्यायची. माणूस मेलेला असला तर त्याच्या घरचा कोणीतरी ‘आहे’ म्हणायचा. जिवंताने आपलं आपण म्हणायचं. एवढाच नियम.

*

पुण्याहून बदलून आलेला आमच्यातलाच एक बँकवाला शहाणपणा करायला लागला. "अक्का, हे सगळं टाइप करून ठेवू. काम सोपं!"

अक्का म्हणाली, "ठेव की रे. पण कागदाला हाक मारली तर ओ कोण देईल?"

गडी हसला. मग त्याच्या आजोबांचं नाव आलं. ‘आहे’ म्हणताना आवाज फाटला! "खांद्यावर हात कोणी ठेवला?" म्हणून वळला. मागे भिंत होती.

*

मोहित्यांच्या घरात कोणी उरलंच नव्हतं. अक्का त्यांची नावं घ्यायची, जरा थांबायची, पुढे जायची. एकदा काफी गार होत होती. मीच खेकसलो, "ज्यांचं कोणी नाही त्यांना कशाला बोलावता? पुढे चला!"

अक्काने माझं ऐकून मोहिते गाळले. पुढचं घर तिचं स्वतःचं. बापाचं नावच येईना! ओठ हलतात, आवाज नाही. मागे फिरून मोहित्यांची नावं घेतली तेव्हा जीभ सुटली.

"काफी प्यालास का रे?" एवढंच मला म्हणाली.

*

सुबराव रेल्वेत क्लार्क. एका रविवारी त्याला उशीर झाला. नाव आलं तर धाकट्या भावाने गमतीत ठोकून दिलं, "आहे!"

अक्का पांढरी पडली. "मूर्खा, जित्या माणसासाठी?"

तेवढ्यात सुबराव सायकल भिंतीला टेकवत ओरडला, "काय रे, मेलो काय मी?" हसून हसून पोटं दुखली.

पुढच्या रविवारी भावाला खरंच ‘आहे’ म्हणावं लागलं.

*

आता माझं घर. थोरला दादा माधवराव लढाईआधी रंगूनच्या बोटीत चढला, तो पत्ताच नाही. वहिनी कुंकू लावायची. मी ‘आहे’ म्हटलं असतं तर ते पुसावं लागलं असतं. म्हणून दादाचं नाव आलं की मी गप्प. लोक डिवचायचे, "किती वर्षं तोंड शिवून बसणार?"

"तुमच्या बापाचं काय जातं?" मी म्हणायचो. वहिनी चौकट धरून उभी असायची.

मग एका रविवारी अक्काने नाव घेतलं, "माधवराव." मी गप्प.

"आहे." जिन्याखालून आवाज आला.

दादाचाच! वाकून पाहिलं, तर जिन्याखाली नुसत्या चपला. वहिनी रडत-हसत पुढे आली. "भावोजी, ते स्वतः बोलले! जिवंत आहेत!"

अक्काने चाचपून तिचा हात धरला. मग पुढचं नाव घेतलं. माझं.

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच जिन्याखालून दादा म्हणाला, "आहे."