सुनेचं ऑफिस आणि वायफायचा डबा

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळी उमर आधी मुंबईच्या, मग वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलल्या आणि शिरवण्याजवळ दोन खोल्या घेतल्या, स्वतःच्या. मुलगा जहाजावर. घरात मी, सून आणि लहानगी नात.

सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. ऑफिसच्या कॉम्प्युटरात शिरायचं एक दार असतं, त्याला व्हीपीएन म्हणतात, हे तिनंच मला सांगितलेलं. ते दार कामाच्या ऐन मध्यात बंद पडायला लागलं. साहेबानं फोनवर बजावलं, उद्याच्या मीटिंगमधून गायब झालात तर पुण्याला येऊन बसायचं. म्हणजे नातही जाणार. मला जेवण गेलं नाही.

"आपलं नेट झकास आहे," मी म्हटलं. "माझं कीर्तन मोबाईलवर थांबत नाही. तुझी कंपनीच भिकार."

"थांबतं की, बाबा. तुम्हाला वाटतं बुवा दम खाताहेत."

ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यानं फोनवरून तिला नाना उपाय करायला लावले. शेवटी म्हणाला, मोबाईलच्या नेटवर लावून बघा. लावलं, तर दार उघडं ते उघडंच राहिलं. म्हणजे खोट घरच्या नेटमध्ये.

"माझ्या घरात खोट?" माझा आवाज चढला.

सून स्टुलावर चढली. कपाटावर वायफायचा डबा होता. धूळ बसू नये म्हणून मीच तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून, वर विणलेला रुमाल टाकून ठेवलेला. चांगली वस्तू आम्ही अशीच जपतो.

"अगं बाई! बाबा, हा तर भाजतोय! तापला की बंद पडतो, मग आपला आपण सुरू होतो. तुमचं कीर्तन आपोआप लागतं, पण मला दर वेळी आत नव्यानं शिरावं लागतं."

"टीव्हीचा रिमोट इतकी वर्षं प्लास्टिकमध्ये आहे. एक बटण गेलं नाही."

"रिमोट दिवसरात्र चालू असतो का?"

लगेच हार कोण मानतो? "रुमाल काढ. पिशवी राहू दे."

"बाबा!"

"बरं, काढ बाई, काढ."

मीटिंगच्या दिवशी तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी डब्याजवळ खुर्ची टाकून बसलो आणि वर्तमानपत्रानं त्याला वारा घालत राहिलो. नात विचारते, "आजोबा, त्याला उकडतंय?"

"गप. तुझ्या आईची मीटिंग चाललीय."

हात भरून आला तरी थांबलो नाही. अखेर सून बाहेर आली. मला तसं बसलेलं बघून आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

"टिकलं, बाबा. एकदाही तुटलं नाही. साहेब म्हणाले, घरूनच करा."

"टिकणारच! डबा पसंत कुणी केलाय?"

"तुम्हीच," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला न विचारता नातीचं बोट धरलं आणि जवळच्या शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. पोरीचं नाव घालायचंय, म्हटलं, आता ती इथंच राहणार. शिपाई म्हणाला, ऑफिस अजून उघडायचंय. आम्ही तिथंच कट्ट्यावर बसलो.