पाहुण्यांच्या वहीतलं नाव

आमच्या घरात कॉलेजला पोचलेला मी पहिलाच. डेट्रॉइटजवळच्या त्या कॉलेजात लायब्ररीच्या दारावर बसणारे गार्ड मराठी निघाले. त्यांना मी नुसतं काका म्हणायचो. ते प्राध्यापकांचीही बॅग उघडून बघायचे. "रूल म्हणजे रूल," असं म्हणायचे, आणि दोनदा म्हणायचे.

मी जुन्या इंग्लंडमधल्या गुन्ह्यांवर पेपर लिहीत होतो. रविवारी चर्चला न जाणाऱ्याला तिथे दंड व्हायचा आणि कामधंदा नसताना भटकणाऱ्याला फटके मिळायचे, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले. "अरे, मग आपलं निम्मं महाराष्ट्र मंडळ आत जाईल!"

त्या हिवाळ्यात मोटारींच्या कारखान्यातून ले-ऑफ झालेला एक माणूस रोज लायब्ररीत हीटरपाशी येऊन बसायचा. त्याच्याकडे कॉलेजचं कार्ड नव्हतं, तरी काका त्याला आत सोडायचे. एकदा गार्डांच्या सुपरवायझरने सगळ्यांदेखत काकांना विचारलं, "याला आत कुणी घेतलं? पोलिसांना फोन कर."

काकांना नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांनी पाहुण्यांची वही उघडली, त्या माणसाला नाव विचारून लिहिलं आणि पुढे स्वतःची सही केली. "माझा गेस्ट आहे. स्टाफला रोज एक गेस्ट अलाउड आहे, सर."

सुपरवायझर वही वाचून निघून गेला. काकांनी वही मिटली आणि दारात उभ्या असलेल्या मुलाची बॅग उघडून बघितली.

'गरिबीमुळे माणसं गुन्हे करत,' असं मी पेपरात लिहिलं होतं. त्याखाली मी भीतभीतच एक ओळ वाढवली: 'शिक्षा झालेल्यांपैकी कित्येकांनी काहीच केलं नव्हतं.'